सिनेमातला जवान रडला

महाड, रविवार, मार्च २०००

धाकटा भाऊ दिलीप सीमेवर लढताना गेला, त्याचं वर्षश्राद्धही झालेलं नाही. एवढ्यात सिनेमाला जायला नको होतं, पण लढाईचा म्हणून गेलोच. त्यातला जवान मरताना आईला हाका मारून रडतो.

बाहेर आल्यावर भावोजी चिडले, "आपले जवान असे रडतात होय? काहीतरीच दाखवतात!"

सोबत आलेले शेजारचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार म्हणाले, "तुम्ही आपले पोस्टात शिक्के मारा, साहेब. तिथं न रडणारा कोण नाय. मीपण रडलोय."

ते रडणं डोक्यातून जात नाही. कोणाचं खरं मानू? दिलीप रडला असेल, तर जवळ कोणी होतं का? आणि नसेल रडला तर... मला नक्की काय हवंय?

घरी आईनं विचारलं, "काय दाखवलं रे?"

"बर्फ," मी म्हटलं.

"त्याला थंडी सोसायची नाही," ती म्हणाली.