टेकडीवरचा बंद सेट

प्रिय दादा,

प्रिय लिहिलंय ते सवयीने, हुरळून जाऊ नकोस. आई म्हणते, तू हल्ली जेवताना बोलत नाहीस. बरं झालं. आमच्याकडेही कुणी बोलत नाही.

नवे वायरलेस सेट आले तेव्हा मी तुमच्या अख्ख्या बचाव पथकाला समोर बसवून घसा कोरडा केला होता. मोबाइलचे टॉवर कोसळले तरी हे चालतात, कारण प्रत्येक सेट दुसऱ्याचा निरोप आपसूक पुढे पोचवतो. म्हणून आपल्याला बोलायचं नसलं तरी तो चालूच ठेवायचा. तू मागे बसून जांभया देत होतास. धाकटी बहीण काय शिकवणार! जुन्या वायरलेसची तुझी खोड होतीच, कुणी बोलत नसलं की बंद करून बॅटरी वाचवायची.

पुराच्या दिवशी तू प्रमुख म्हणून टेकडीवर होतास. पलीकडे तुझा मेहुणा, म्हणजे माझा नवरा, आणि पथकाचा ड्रायव्हर गोदामात माणसं शोधत होते, अलीकडे आम्ही बोटी घेऊन तयार. मध्ये दुवा एकच, तुझा सेट. भिंत खचल्यावर तुझा मेहुणा बोट पाठवा म्हणून ओरडत राहिला आणि आमच्यापर्यंत अक्षरही आलं नाही. ड्रायव्हर त्याच्या हातातून निसटून वाहून गेला. संध्याकाळी सगळ्यांच्या बॅटऱ्यांनी मान टाकलेली, आणि तू ऐटीत मला दाखवलंस की तुझी अजून भरलेली आहे. माझा चेहरा पाहिलास आणि सेट घाईने खिशात कोंबलास.

मग चौकशीत तोंड वर करून म्हणालास, पलीकडून कुणी बोलावलंच नाही. खापर फोडायला घरचंच डोकं सापडलं! लहानपणी काच तू फोडायचास आणि मार मी खायचे, तेव्हा निदान नंतर हसू यायचं. आता तुझी किळस येते. आजवर गप्प बसले ती फक्त आईकडे बघून.

तुझा मेहुणा अजून तुलाच मानतो. आपणच चुकीचं बटण दाबलं असं त्याने मनाशी धरलंय. जेवताजेवता त्याचा अंगठा ताटाच्या कडेवर दाबला जातो.

आज त्याने राजीनामा लिहिला. उद्या सकाळी तो घेऊन तुझ्याच टेबलाशी येईल आणि माफी मागेल, तुझी. म्हणून हे पत्र त्याच्या आधी तुझ्याकडे पाठवतेय. त्याला बसव आणि सांग की सेट तू बंद केला होतास. मग चौकशीतही तेच सांग. राजीनामा देऊन तो मान खाली घालून घरी आला, तर मी सांगेन, आणि सुरुवात ड्रायव्हरच्या बायकोपासून करीन.

तुझीच बहीण, त्याला इलाज नाही