ल्युक्ट्राची डावी बाजू

अल ऐन, ९ फेब्रुवारी २०२५

चि. शुभ्रास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीनं, मुनिबानं, तुझं पत्र आणून दिलं. बरं केलंस, फोन केला की तुझी आई तो स्पीकरवर टाकते आणि घरात सभा भरते. एरवी ‘हाय आजी’च्या पुढं न जाणारी तू, आणि चार पानं मराठीत?

इंजिनिअरिंग सोडून इतिहास शिकायचा म्हणतेस. मुळीच नाही. मेलेल्यांची भांडणं पाठ करून कोणाचं पोट भरलंय? शिवाय या घरात आधी आईला विचारतात, मग बापाला, मग तो मला विचारतो. रीत सोडू नये.

पण ती ग्रीकांची ल्युक्ट्राची लढाई पत्रात अर्धीच का सोडलीस? स्पार्टाचा राजा रीतीप्रमाणे उजवीकडं, मानाच्या जागी. थीब्जवाल्यांनी आपले तगडे गडी नेमके त्याच्यासमोर डावीकडं लावले, पन्नास रांगा! लंगडी बाजू ठेवली मागं. मग? राजा पडला का?

माया आहे तशी असू दे.
तुझी आजी

अबुधाबी, १४ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न.

राजा पडला! त्याच्या बाजूची दोस्तमंडळी मनातून आलीच नव्हती. ती फारशी लढलीच नाहीत. स्पार्टाचा दरारा खलास.

आजी, सर्किट बघितलं की मी वही मिटते आणि इतिहासाचं पुस्तक उघडते. विभाग बदलायची मुदत महिनाअखेरपर्यंतच आहे. मुनिबा म्हणते, इन्शाल्ला होईल. तू हो म्हण ना.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी शुभ्रा

अल ऐन, १६ फेब्रुवारी

चि. शुभ्रास अनेक आशीर्वाद.

राजा पडला ते झकास झालं. उजवीकडं उभं राहून माज करणारे मला आवडत नाहीत. इतकं छान सांगणारी पोर सर्किटात कशाला घालवायची? आज नाश्त्याला मीच म्हटलं, तिला इतिहास घेऊ दे. तुझ्या बापानं, दत्तप्रसादनं, तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्यात उपमा घातला. तुझी आई छाया म्हणाली, तिला आधीपासून तसंच वाटत होतं. लढाई संपली.

मग चहा पिताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तू आईला विचारलं नाहीस, बापालाही नाही. चार पानं, थेट माझ्यावर! त्या राजाला निदान दिसत तरी होतं, कोण चालून येतंय ते.

शनिवारी ये, बेसनाचे लाडू केलेत. लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर मला पुन्हा संशय येईल.

तुझी, पडलेली आजी