ग्लव्हमधला स्पंज

नंदनवन, नागपूर
९ जानेवारी

प्रिय भूमिका,

कामठीत थंडी कशी आहे? इकडे आईने तिळाचे लाडू वळायला घेतलेत. शेंगदाणे मी कुटले, उजव्या हाताने. आई बघत होती. म्हणाली, "पाह्य, झाला न हात बरा!" तिच्या मते खलबत्ता चालला की बेसबॉलही चालला. तुझा डबा पिशवीत आहे, एकटीने फस्त करू नको.

काल सरावानंतर तुझा ग्लव्ह चुकून माझ्या बॅगेत आला. माझ्या भावाबरोबर, रजतबरोबर, परत पाठवतेय.

कोपर म्हणशील तर उत्तम. ऑपरेशन करून मनगटातला स्नायुबंध कोपरात बसवला, त्याला वर्ष होऊन गेलं. डॉक्टर खूश, फिजिओ खूश. दुखत अजिबात नाही. दुखायचं तेव्हा निदान दुखण्याला शिव्या देता यायच्या.

काल सुमंत सरांनी तुला विचारलं, "उन्नतीचा बॉल कसा येऊन राहिला?" तू ग्लव्ह काढून हात झटकलास. "हात जळून राहिला सर, पहिल्यासारखाच!" घरी येईपर्यंत मी स्कूटीवर गात होते. रविवारी राज्य संघाच्या निवड चाचणीत मी फेकणार, असं सगळ्या गल्लीला सांगून झालं.

आज तुझा ग्लव्ह पुसायला घेतला. आत बोटं घातली. स्पंज नव्हता.

भूमे, सात वर्षं मी फेकायचं आणि तू समोर उकिडवं बसून झेलायचं. तो भांडी घासायचा पिवळा स्पंज तू माझ्या चेंडूच्या वेगामुळेच आत ठेवायचीस. तळहात सुजायचा, पोळ्या लाटता यायच्या नाहीत, म्हणून मला भर मैदानात राक्षशीण म्हणायचीस. केवढा माज होता मला त्या शिवीचा! कधी काढलास वं तो? ऑपरेशननंतरच्या पहिल्याच सरावाला? की थोडी वाट पाहिलीस?

खोटं बोललीस म्हणून राग नाही. मलाही कळतच होतं गं, चेंडू हातातून सुटतानाच कळतं. पण तू हात झटकायचीस आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवायचे. आता फार रडू येतंय. लाडू वळता वळता आई विचारते, काय झालं, आणि मी सांगते, धूर गेला डोळ्यांत. गॅसच्या शेगडीचा कसला आलाय धूर!

सरांना मघाशी फोन केला. रविवारी मी येणार नाही. माझ्या जागी हिमानी फेकेल. पोरीचा हात चांगला आहे, नुसती घाई करते. मला द्यायचीस तसा तिला समोरून धीर दे.

हे पत्र ग्लव्हमध्ये, स्पंजच्या जागी ठेवतेय. वाचून झालं की काढून टाक. हिमानीचे चेंडू झेलताना तिथे पुन्हा स्पंज लागला, तर ठेव.

फक्त मला सांगू नको.

तुझी एकेकाळची राक्षशीण,
उन्नती