आठव्या भागातलं वाक्य

बाई, तुमची गोष्ट दुसऱ्यांदा चोरीला गेली असं मला गेल्या महिन्यात वाटलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळे तक्रार करायला तुम्ही नाही, आणि कुणाविरुद्ध करायची तेही मला नीट माहीत नव्हतं. पण संशय घेणं हे आता माझं कामच आहे. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी तपासणीच्या प्रयोगशाळेत असते. वरची माणसं सांगतात माल चांगला आहे, आणि तो चांगला नसावा असं धरून चालायचा मला पगार मिळतो. हाताखाली दोन मुली आहेत. दुपारच्या सुट्टीत त्या पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून सिरीज बघत जेवतात. मी बाजूला बसून माझा डबा खाते, बघत नाही. त्या दिवशी त्यातली एक म्हणाली, "मॅडम, ये देखो ना. मछुआरों के जाल में एक मशीन फँसती है, और वो डूबे हुए लोगों की आवाज़ में बोलती है." दुसरी म्हणाली, "जुन्या पिक्चरवरून काढलीय म्हणे. आमच्या जन्माच्या आधीच्या." माझा घास हातातच राहिला.

जुना पिक्चर मला माहीत होता. आणि त्याच्या आधीची वहीसुद्धा.

ती वही मी पहिल्यांदा बघितली ती तुमच्या मुरब्याच्या घरी, स्वयंपाकघरात. मी नववीत होते. आमच्या पाम गावाहून शेअर रिक्षाने मला एकटीला पाठवायला आई तयार नव्हती, पण विज्ञानाच्या बाईंनी बोलावलंय म्हटल्यावर गप्प झाली. तुमची वहिनी तेव्हा नवी नवरी होती. ती चुलीपाशी बसून बोंबील साफ करत होती आणि तुम्ही पाटावर बसून आम्हा दोघींना गोष्ट वाचून दाखवत होता. आकाशातून पडलेलं एक यंत्र मुरब्याच्या बोटीला सापडतं. ते ऐकलेला आवाज कधीच विसरत नाही, आणि समुद्रात बुडालेल्यांचे आवाज त्यानं पाण्याखाली ऐकून ठेवलेत. सगळा गाव किनाऱ्यावर जमतो. कुणी बापाशी बोलतं, कुणी नवऱ्याशी. एक म्हातारी तेवढी लांब उभी राहते, जिचा मुलगा भांडून समुद्रावर गेला आणि परत आला नाही. अगदी शेवटी ती जवळ येते. यंत्र तिच्या मुलाच्या आवाजात गोड गोड बोलतं, माफी मागतं. म्हातारी ऐकून घेते आणि म्हणते, "तू मना आयकायचा हाय तेच बोलतं. माजा पोर तसा नव्हता." आणि स्वतःच्या हातानं ते यंत्र पाण्यात सोडते. तुम्ही वही मिटलीत तेव्हा वहिनीनं बोंबलाच्याच हातानं डोळे पुसले होते, आणि मग डोळे चुरचुरतात म्हणून तुम्हाला शिव्या घातल्या होत्या.

त्या गोष्टीवरून तुम्ही शाळेसाठी नाटक लिहिलंत आणि माझं अक्षर चांगलं म्हणून प्रॉम्प्टरसाठी त्याची सुवाच्य प्रत मला करायला दिलीत. पालघरच्या एकांकिका स्पर्धेत वेळेची मर्यादा होती, म्हणून शेवटचा प्रवेश तुम्ही गाळलात. आमचं नाटक म्हातारी किनाऱ्याकडे चालू लागते तिथेच संपायचं. ती म्हातारी मी होते. म्हणजे माझ्या प्रतीत शेवट नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचा सगळा हिशेब याच एका गोष्टीवर फिरतो.

दोन वर्षांनी, मी आपल्याच शाळेत अकरावीला असताना, बोईसरच्या टॉकीजला तो हिंदी पिक्चर लागला. तुम्ही बघून आलात आणि दुसऱ्या दिवशी मला प्रयोगशाळेत बोलावलंत. तुम्ही काचेची नळी पुसत होता. ती स्वच्छ होती, तरी पुसत होता. तुम्ही विचारलंत, "प्रॉम्प्टरची प्रत कुठं आहे?"

मी म्हटलं, "परत येताना टेम्पोत राहिली, बाई. तेव्हाच सांगितलं होतं."

"कुणाला दिली नाहीस?"

"नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

मी बघितलं आणि सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग मी उगाच तुझ्यावर संशय घेतला. जा वर्गात." तुमचा आवाज चढलाही नाही. त्या दोन वाक्यांचा राग मी कितीतरी वर्षं धरून ठेवला, बाई. स्वतःच्या विद्यार्थिनीवर असा संशय घेतात का, असं मी मैत्रिणींना सांगत फिरले.

आणि मी दिली होती. स्पर्धेतल्या एका परीक्षकांनी नाटक संपल्यावर पडद्यामागे येऊन मला विचारलं, हे अक्षर तुझं का. काम छान केलंस म्हणाले. मुंबईत आम्ही नाटक बसवणार आहोत, तुझ्यासारख्या मुली लागतात, म्हणाले. एकदा वाचून पोस्टानं परत पाठवतो म्हणून त्यांनी प्रत मागितली, आणि ही प्रत कुणाला द्यायची नाही हे तुमचं सांगणं कानात असताना मी ती दिली. प्रत आली नाही, बोलावणंही आलं नाही. आला तो पिक्चर. त्यात म्हातारी नव्हतीच. एक शास्त्रज्ञ होता, दोन गाणी होती, आणि शेवटी यंत्राचा स्फोट होत होता.

आता ही सिरीज. रविवारी दुपारी दार लावून मी मोबाइलवर पहिला भाग लावला आणि शेजारी कागद पेन्सिल घेऊन बसले. नवऱ्यानं विचारलं, काय परीक्षा आहे का? जे पिक्चरमधून आलं त्यापुढे मी फुली मारत होते, जे पिक्चरमध्ये नसून माझ्या प्रतीतलं होतं त्यापुढे गोल. सात भागांत सगळ्या फुल्याच, गोल एकच, म्हातारीपुढे, आणि तीही नुसती गर्दीत. मला हायसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग आठवा भाग. म्हातारी किनाऱ्यावर येते. मुलाचा आवाज माफी मागतो. ती म्हणते, "तू वही बोलता है जो मैं सुनना चाहती हूँ. मेरा बेटा ऐसा नहीं था."

मी मोबाइल पालथा ठेवला. हे वाक्य पिक्चरमध्ये नाही. माझ्या प्रतीतही नाही. ते फक्त तुमच्या मूळ वहीत होतं, आणि ते जगात तीनच माणसांना माहीत होतं. त्यातली एक मी.

मग उरलात तुम्ही आणि वहिनी. चार दिवस मी हेच घोळवत होते. आधी वहिनीवर संशय आला, तुमच्या मागे तिनं वही रद्दीत घातली असेल किंवा कुणाला विकली असेल. मग, लिहायला लाज वाटते, तुमच्यावर आला. तुम्हीच त्या माणसाला गोष्ट दिलेली असेल आणि मला उगाच प्रयोगशाळेत उभं केलं असेल, असं वाटलं. तसं निघालं असतं तर मी सुटले असते, बाई. शनिवारी सुट्टी टाकून मी मुरब्याला गेले ते खरं तर सुटायला.

वहिनी अंगणात वलांडीवर, मासळी सुकवायच्या बांबूंवर, बोंबील पलटत होत्या. पाठ वाकलीय, पण नजर तीच. मी ओळख सांगितली.

"ती पामची? म्हातारीचा काम केलेली?" त्या म्हणाल्या. "मंग एवड्या वरसांनी काय आठवला?"

"बाईंची एक वही होती. गोष्टीची."

"कशाला पायजे तुला?"

मी सिरीजचं सांगितलं. त्यांनी हातातला बोंबील खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. संशय कसा दिसतो ते मला त्या दिवशी समोरून कळलं. मग म्हणाल्या, "बस. च्या पिशील?"

चहा पिताना त्यांनी जे सांगितलं ते असं. पिक्चर लागला त्याच वर्षी, दिवाळीनंतर, तो परीक्षक मुरब्याला आला होता. मिठाईचा पुडा घेऊन ओट्यावर बसला. म्हणाला, पोरांनी मिळून लिहिलेलं शाळेचं नाटक आहे असं समजून मी ते पिक्चरसाठी घेतलं, चूक झाली. तुम्ही त्याला एकच विचारलंत.

"कोनी दिली तुमाला?" वहिनी तुमच्यासारखी मान ताठ करून म्हणाल्या. "त्यानं सांगितला, म्हातारीचा काम करनारी पोर. आमच्या बाय उठल्या, आत गेल्या, वही आनली आन् त्याच्या पुडं टाकली. म्हनाल्या, अर्दीच नेलीस, आता पुरी ने. शेवट नासवलास तू."

"वही देऊन टाकली?"

"देऊन टाकली. मी भांडली त्यांच्याशी. मना म्हनाल्या, त्याच्याकडं चुकीचा शेवट ऱ्हायला तर लोकांना तोच खरा वाटंल."

"आणि माझ्याबद्दल?"

वहिनींनी बशी खाली ठेवली. "तुज्याबद्दल म्हनाल्या, तिला तू कदी बोलू नको. म्हून मी नाय बोलली. आता तूच आलीस."

तो परीक्षक आता नाही. त्याची मुलगी ही सिरीज लिहिते. वडिलांच्या कपाटात तिला तुमची वही सापडली, आत तुमचं नाव आणि गाव होतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी ती विचारत विचारत मुरब्याला आली होती. वहिनींनी तिला परवानगी दिली, अट एकच घातली, शेवट तोच ठेवायचा आणि नाव लावायचं. "लावलाय काय ग नाव?" त्यांनी मला विचारलं. "मना त्या मोबाइलात काय दिसत नाय." मी म्हटलं, मला दिसलं नाही. वहिनींचा चेहरा उतरला. तिथेच ओट्यावर बसून मी आठवा भाग पुन्हा लावला. भाग संपला की दुसरं काहीतरी आपोआप सुरू होतं, म्हणून मी कधी शेवटपर्यंत थांबलेच नव्हते. या वेळी थांबवून ठेवला. काळ्या पडद्यावर नावं वर सरकत होती आणि त्यात, 'मूळ कथा' याच्यापुढे, तुमचं पूर्ण नाव, खाली मुरबे. मी वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी ते तीनदा वाचायला लावलं.

परत येताना रिक्षात मी वर्षं मोजत बसले. दिवाळीनंतर तो आला. म्हणजे त्यानंतरचं सगळं तुम्ही जाणून केलंत. बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा मला पांढरा ॲप्रन शिवून आणलात. तो माझ्या खांद्याला लावून बघत म्हणालात, "प्रयोगात जे दिसलं तेच लिहायचं. दिसावंसं वाटलं ते नाही." ते मी आजवर रसायनशास्त्राबद्दल समजत होते. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आले तेव्हा दोन खाल्लेत. माझ्या लग्नात पहिल्या पंगतीला बसलात, आईशी गप्पा मारल्यात. या प्रत्येक दिवसावर आता माझा संशय आहे. तुम्ही मला माफ केलं होतं की मी कधीतरी आपणहून सांगीन म्हणून वाट बघत होता? प्रत्येक भेटीत तुम्ही जाताना दाराशी थोडा वेळ उभ्या राहायचात. मला वाटायचं, तुमचे गुडघे दुखतात.

निघताना, बाईंनी मला माफ केलं होतं का, तेवढं मी वहिनींना विचारलं होतं. म्हणाल्या, "त्या कोनाला काय सांगतान?"

हे पत्र मुरब्याच्या पत्त्यावर टाकलं तर वहिनी कुणाकडून तरी वाचून घेतील, आणि मग सगळ्या आळीला कळेल. म्हणून टाकणार नाही. टेबलाच्या खणात राहील, नाहीतर फाडीन.

सोमवारी जेवताना मी त्या दोन मुलींना भाग संपल्यावर मोबाइल थांबवायला लावला आणि तुमच्या नावावर बोट ठेवलं. "ह्या माझ्या बाई," म्हटलं. दोघी जेवायच्या थांबल्या. तुम्ही कसं शिकवायचात, बोंबील साफ होताना गोष्ट कशी वाचली, सगळं मी सांगितलं. वहिनींचे चुरचुरलेले डोळेसुद्धा सांगितले. मग त्यातली एक म्हणाली, "पण मॅडम, पिक्चरवाल्यांपर्यंत ती पोहोचली कशी?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "शाळेतल्या कुणीतरी दिली असेल."