चांदीच्या पेशी का मेल्या नाहीत

प्रिय गंगूआत्या,

तू जाऊन आता वर्ष होत आलं. आज लिहायला बसले, कारण तू मला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर या आठवड्यात हाती आलं. प्रयोगशाळेत सगळे अभिनंदन करत होते आणि मला तुला फोन लावावासा वाटत होता.

सुप्याच्या माळावर तुझ्या मेंढ्यांना देवी आली होती, ते साल आठवतं ना? मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. तुझी लाडकी मेंढी, चांदी, तोंडावर फोड घेऊन तुझ्या मांडीवर मान टाकून पडली होती. तू तिला चमच्यानं पेज पाजत होतीस. मी चार माणसांदेखत म्हणाले, "आजारी मेंढी वेगळी ठेवायची असते, एवढंही कळत नाही तुला?"

तू उठलीस. तिला उचलून कळपापासून लांब नेलंस आणि उन्हात तिच्याजवळ बसून राहिलीस. तिसऱ्या दिवशी ती गेली.

माझं म्हणणं बरोबर होतं, आत्या. पण असं बोलतात का? आणि तू तरी का गं एकदाही माझ्यावर चिडली नाहीस?

उलट खड्डा बुजवून हात धुताना तूच विचारलंस, "संगे, तू सांगती ती आंगातली पेशी आजारी पडली की काय करती?"

"स्वतःहून मरते. मग विषाणूला तिच्यात वाढता येत नाही, बाकीच्या वाचतात."

"मंग माझ्या चांदीच्या का न्हाई मेल्या?"

"तुला नाही समजायचं," म्हणत मी विषय तोडला. खरं तर मलाच समजलं नव्हतं.

आता ऐक. त्या विषाणूचं एक प्रथिन आहे. आम्ही त्याचे स्फटिक केले आणि क्ष-किरणांनी त्याची ठेवण शोधली. ते मेंढीच्याच, पेशीचं मरण रोखून धरणाऱ्या एका प्रथिनासारखं दिसतं, वर एक लांबट खाच. पेशीला 'आता मर' असा निरोप देणारं प्रथिन त्या खाचेत नेमकं बसतं आणि तिथंच अडकून पडतं. निरोप पुढं पोचतच नाही. पेशी जगते आणि विषाणू तिच्यात निवांत वाढतो. चांदीचं अंग कमी पडलं नव्हतं गं, त्याला अडवलं होतं.

काल वस्तीवर जाऊन तुझ्या सुनेला, सुमनवहिनीला, हे सगळं मातीत काडीनं काढून दाखवलं. तिनं विचारलं, "मंग आता औषद निघंल?"

"माहीत नाही, वहिनी. सध्या तरी लसच."

"बरं झालं खरं सांगितलं," ती म्हणाली. "आत्याबाई म्हनायच्या, संगी लई हुशार हाय, पर तिला काय इचारायची मला भीती वाटती."

मी काडी खाली ठेवली आणि तिला अजून काय विचारायचंय ते विचारलं.

पुढच्या महिन्यात लस टोचायची आहे. मी येईन, मेंढ्या धरीन. वस्तीवरच्या बायका जे विचारतील त्याला खाली बसून उत्तर देईन, आणि नाही आलं तर तसं सांगेन. माझ्याशी बोलायची भीती यापुढं कुणाला वाटणार नाही, एवढा शब्द तुला देते.

तुझीच भाची,
संगीता