आधी कागद, मग लेक

२ फेब्रुवारी, सोमवार
गारखेड्यातल्या आमच्या दवाखान्यात आज आणखी एक. शीतल, पहिलटकरीण, सातवा लागतोय. रक्तात सिफिलीस. वस्तीत गरमी म्हणतात, तेही तोंडाला पदर लावून. पहिलं इंजेक्शन दिलं. आठवड्यानं दुसरं, मग तिसरं. नवऱ्यालाही तीन, नाहीतर सगळं पाण्यात. नवरा संदीप, टेम्पो चालवतो. फोनवर म्हणाला, "मॅडम, मेरे को क्या हुआ? मी ठणठणीत हाय." गल्लीत गरोदर बाया एकामागून एक बाधित निघतायत आणि नवरे मेले सगळे ठणठणीत!

९ फेब्रुवारी
शीतल आलीच नाही. घरी गेले. सासू दारातूनच, "पिशोरला धाडली, माहेरी. ओटी भरली की." आता बाळंतपण आणि सव्वा महिना होईपर्यंत ती परत येत नाही. नोकरीला बावीस वर्षं झाली, आणि सातव्यात पोरी माहेरी जातात हे माझ्या डोक्यात नव्हतं. स्वतःलाच म्हटलं, नसीमा सिस्टर, धन्य आहे तुमची.

१० फेब्रुवारी
डॉक्टरांची चिठ्ठी आणि इंजेक्शन घेऊन पिशोर. एस्टीत उभी. तिथल्या सरकारी दवाखान्यात दुसरं दिलं. आई सोबत होती, कमलमावशी, बाजारात भाजी विकते. "शिस्टर, येवढ्या लांबून आल्या, कसली सुई म्हनायची ही?" पेशंटचं गुपित मी फोडत नसते. शीतलनंच सांगितलं, मान वर करून. "गरमी हाय, आई. त्यांच्यापासून आली."
मावशीनं लेकीच्या पोटावर हात ठेवला. मग एवढंच, "आन् बाळाला?" तिन्ही वेळेत झाली तर बाळाला बहुतेक काही होत नाही, म्हटलं.

१७ फेब्रुवारी
तिसरं झालं. संदीपच्या दारी पाच चकरा मारल्या, त्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय. मावशीला सांगितलं तर हसली. "तुमी कशाला त्याच्या दारी जाता? बायको न्यायला त्याला माझ्या दारी यायचंच हाय."
हे मला सुचायला हवं होतं. प्रत्येक सुईला दवाखान्याच्या कागदावर माझी एक सही, तीन सह्या झाल्या की पुरं, एवढं मावशीला सांगून ठेवलं.

१५ एप्रिल
मुलगी! वजन चांगलं. बाळाचं रक्त तपासलं. आत्ता तरी ठीक, पुढं पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

२६ मे
मावशीचा फोन. संदीप आणि सासू न्यायला आले होते. साडी, झबलं, पेढे. मावशी उंबऱ्यातच बसली. "आधी कागद, मग लेक." सासूनं विचारलं, कसला कागद? "तुमच्या लेकाला ठाव हाय." सासूनं गाव गोळा केलं. आतून शीतल म्हणाली, "मी बी येत नाय." पेढे तसेच परत गेले.

२८ मे
सासूची तक्रार आली. मी घर मोडते म्हणे. साहेबांनी बोलावलं, "घरगुती भानगडीत पडू नका. सुई टोचा, मोकळ्या व्हा." म्हटलं, साहेब, रोग घरातच आहे, मग मी कुठं जाऊ? लेखी खुलासा मागितलाय. देते की. चार पानं देते.

१ जून, सोमवार
संदीप आला! आधी क्रांती चौकाकडचे दोन खासगी दवाखाने फिरला होता, नुसता कागद मिळतो का बघायला. कुणी दिला नाही. रक्त तपासलं, निघालंच. पहिलं टोचलं. विव्हळला, बरं वाटलं मला. जाताना खाली बघत विचारलं, "पोरीचा फोटू हाय का तुमच्याकडं? सासूनं बघू नाय दिली."
नाही म्हटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

८ जून
दुसरं. "दोनवर भागवा की मॅडम. तिसरी सही मारून द्या." नाही दिली.
कन्नडहून एका बाईचा फोन, लेक आमच्याच वस्तीत दिलेली. "आमच्या जावयाचा बी कागद असतो का हो?" असतो, म्हटलं. सगळ्या जावयांचा असतो.

१५ जून, सोमवार
तिसऱ्याचा दिवस. संदीप नाही, त्याचा फोन बंद. तीनला मावशीचा फोन. तो थेट पिशोरला गेलाय, दोन सह्यांचा कागद घेऊन. "वसरीत बसलाय. म्हनतो, समदं झालं. मला वाचाया येत नाय शिस्टर, पन तीन मोजता येतंय." मागं बाळ रडत होतं आणि शीतल म्हणत होती, "पुन्ना मोज आई, त्याच्या म्होरं मोज."
संदीप तिथून लगेच निघाला तर संध्याकाळपर्यंत इथं पोचेल. दवाखाना पाचला बंद होतो. शिपायाकडून चावी मागून घेतलीये.