लाँचवरचं वाचनालय

सोलापूर,
१० जानेवारी २०२५

प्रिय ईश्वर,

सप्रेम जय भीम. पत्र तुझी नात चैताली वाचून दाखवेल. तिला म्हणावं, मास्तरांचं अक्षर आता थरथरतं, अडलं तर थांबून वाच.

तुझा गुडघा कसा आहे? मी ठीक. दुपारी शाळेतल्या कविता पुटपुटत बसतो. सुनेला वाटतं, जप चाललाय.

परवा गावी जाऊन तुझी लाँच पाहिली. पूल झाल्यावर ती दोन हिवाळे रोहित पक्षी बघणाऱ्यांना फिरवायची, ते तू जाणतोस. पुढे इंजिन विकलं गेलं. मग तिच्यात मासेवाल्यांची जाळी आली, मग बिरुदेवच्या शेळ्या. तो म्हणतो, "मास्तर, तुमच्या पोरांपरीस माझ्या शेळ्या गप बसायच्या की." आता काठावर ओढून तिला निळा रंग दिलाय, आत फळ्या ठोकून पुस्तकं मांडलीत. मुलांचं वाचनालय. मी तासभर तिथंच बसलो. पलीकडची पोरं घेऊन आपण यायचो, इंजिनाच्या ठेक्यावर कविता चालायची आणि शेवटचं कडवं उरलं असलं की तू काठाला न लावता एक वळसा जास्त घ्यायचास.

सव्वीस तारखेला फीत तू कापावीस, असं गाव म्हणतं. निरोप माझ्याकडे दिलाय. पण त्याआधी एक सांगायचं आहे. चैताली, इथून सावकाश वाच.

गावाचा पुलासाठीचा अर्ज मी लिहिला, हे तुला ठाऊक होतं. तरी तू आलास. "त्यांचं लिवलं तसं माझं बी लिवा. पूल वरच्या अंगाला बांधा म्हनावं, म्हंजी हितं माझी लाँच चालंल." मी तो मन लावून लिहिला. सायकलवरून पोस्टापर्यंत गेलो, आणि तसाच परत आलो. आदल्याच महिन्यात वारा सुटला म्हणून लाँच निघाली नव्हती आणि पलीकडून येणाऱ्या दाक्षायणीची स्कॉलरशिपची परीक्षा बुडाली होती. लाँच न काढण्यात तुझं काही चुकलं नव्हतं. पण मला पूल हवा होता.

वर्षभर तू विचारायचास, उत्तर आलं का. मी नाही म्हणायचो. शेवटी तूच माझ्या पाठीवर हात ठेवलास. "जाऊ द्या मास्तर. तुमी लई चांगलं लिवलं हुतं. सरकारलाच वाचता येईना."

तू मोहोळच्या बाजारात पोती उचललीस. मी पुलावरून आरामात शाळेत गेलो. अर्ज पाठवला असता तरी पूल तिथंच झाला असता, असं कुणीही म्हणेल. ते मी तरी म्हणू नये.

अर्ज सोबत घातलाय. कागद पिवळा पडलाय, खाली तुझा अंगठा स्पष्ट आहे. अर्ज ऐकून मग ठरव. आलास, तर मी फाट्यावर उभा असेन. नाही आलास, तर का ते गावाला मीच सांगेन.

आज मास्तर म्हणून सही करवत नाही.

नुसता,
कमलाकर